सोन्याच्या पापुद्र्याला रोग ओळखता येत नाही

दिल्ली परिसरातील एखाद्या प्रयोगशाळेने ‘मिनिटांत निदान करणारा’ संवेदक तयार केल्याचे वृत्त आले, की त्यात एकच आकडा मिरवला जातो : किती सूक्ष्म प्रमाण ओळखता आले. ते शुद्ध द्रावणात ओळखले की रक्तद्रवात, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

यामागचे भौतिकशास्त्र १९६८ पासून परिचित आहे. काचेच्या लोलकावर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर चढवून विशिष्ट कोनातून योग्य ध्रुवणाचा एकरंगी प्रकाश सोडला, तर परावर्तन जवळजवळ नाहीसे होते. ऊर्जा पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनात शिरते. बाहेरच्या द्रवाचा अपवर्तनांक बदलला की हा कोन सरकतो. मेख इथेच आहे. पापुद्र्याला रेणूची ओळख नसते, त्याला केवळ अपवर्तनांक कळतो. त्यावर प्रतिपिंडे बसवली तरी रक्तातले अल्ब्युमिन आगंतुकासारखे येऊन चिकटते, आणि कोन सरकतोच.

तापमानाचे तेच. उत्तम उपकरण अपवर्तनांकातील दशलक्षांश फरक टिपते. पाण्याचा अपवर्तनांक मात्र एका अंशाच्या वाढीने सुमारे दहा-हजारांश घटतो. म्हणजे अंशाचा शंभरावा भागही निकाल बिघडवू शकतो. आणि दवाखाना दिल्लीतला, महिना मे! संदर्भमार्ग ठेवून भरपाई करता येते. ती केली का, हा खरा प्रश्न.

नॅनोरचनांनी प्रकाश आणखी चिंचोळ्या जागेत कोंडता येतो. १९७४ मध्ये खडबडीत चांदीवर रामन संकेत अनपेक्षितपणे प्रबळ दिसला, तो याच वाटेवरचा. पण दोन कणांमधली फट नॅनोमीटरभर बदलली तरी संकेत कितीतरी पटींनी बदलतो. शिवाय चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. पहिल्या दिवशीचा आलेख छापणाऱ्यांनी तिसाव्या दिवशीचाही छापावा.

मूलभूत संशोधनाकडे असा हिशेब मागू नये, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. आयआयटी दिल्लीत बी. डी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी प्रकाशतंतूंवर धातूचे थर चढवून वर्षानुवर्षे केलेल्या कामाचे मोल रुग्णालयाच्या आश्वासनावर ठरत नाही. मात्र मथळ्यात रुग्णालयाचे नाव घेतले, की हिशेबही रुग्णालयाचाच द्यावा लागतो. आयआयटीपासून एम्स काही किलोमीटरांवर आहे; रक्तद्रवाचे नमुने आणायला फार लांब जावे लागणार नाही.