स्वस्तातली सहल, पण खर्च कोणाचा?

आपल्या हॉस्टेलमध्ये दर सेमिस्टरला शेवटचा पेपर व्हायच्या आधीच एक चर्चा रंगते. "यंदा कुठे?" उत्तर ठरलेलं असतं : गोवा. मग वर्गणीचा आकडा निघतो, निम्मी जनता गळते, उरलेल्यांपैकी दोघांच्या घरून परवानगी मिळत नाही आणि शेवटी चौघं जण म्हैसमाळला जाऊन मॅगी खाऊन परत येतात. चार वर्षं जालना जिल्ह्यात काढून या जिल्ह्यातलं एकही गाव न पाहता डिग्री घेऊन जाणारे आपल्यात किती असतील? मला वाटतं, बहुतेक सगळेच.

"इथे बघायला आहे काय?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर आधी देते, कारण माझा खरा मुद्दा त्यानंतर सुरू होतो.

भोकरदन घ्या. स्टँडवर उतरलात तर चारचौघांसारखंच तालुक्याचं गाव. रसवंती, झेरॉक्स, बी-बियाण्यांची दुकानं. पण याचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत हे नाव येतं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं दूरच्या स्तूपांसाठी दान देत होती! १९७० च्या दशकात इथे उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंती मूर्ती मिळाली. गंमत अशी की अगदी तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीनं गाडलं गेलं. मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. ती भोकरदनच्या कारागिरांनी घडवली असावी, असं डॉ. म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांचं मत. आज ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. आपल्याला जालन्याहून भोकरदनला जायचा कंटाळा येतो, आणि इथली मूर्ती रोमन साम्राज्य बघून बसली!

तिथून पुढे, भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान असई. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात वॉटर्लू होतं, असई नव्हतं. पण वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तो त्याआधी बारा वर्षं, २३ सप्टेंबर १८०३ ला, साधा आर्थर वेलस्ली म्हणून इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. वाटाडे म्हणत होते, केळणा नदीला इथे उतार नाही. त्यानं पाहिलं की नदीच्या दोन काठांना अगदी समोरासमोर दोन गावं वसलीत. म्हणजे लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. निघालाही. (मेकॅनिक्सच्या सरांनी हे उदाहरण वर्गात द्यायला हरकत नाही!) त्या दिवशी त्याचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, की लढाईत तुम्ही केलेली सर्वांत उत्तम कामगिरी कोणती. त्यानं वॉटर्लू नाही, असई सांगितलं.

वेलस्लीच्या फौजेत मद्रासच्या देशी पलटणी होत्या. आज भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर जो हत्ती आहे, तो 'असईचा हत्ती' म्हणून ओळखला जातो. त्यांचं केंद्र तामिळनाडूत निलगिरीत आहे आणि त्या गावाचं नावही वेलिंग्टन! म्हणजे तिकडचा जवान आपल्या जिल्ह्यातल्या खेड्याची खूण टोपीवर लावून फिरतो, आणि इकडे आपल्या हॉस्टेलमध्ये विचारलं तर "असई? कोणती, सोसायटी का?" असं उत्तर येतं.

यादी लांबवता येईल. अन्व्याचं कोरीव दगडी मंदिर, राजूरचा गणपती, अंबडची माशाच्या आकाराच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी, घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. बघायला भरपूर आहे.

आता मूळ मुद्दा.

या जानेवारीत मी आणि माझी रूममेट दोन दिवस भोकरदन, असई आणि आसपास फिरून आलो. दोघींचा मिळून खर्च सातशेच्या आत. हॉस्टेलवर हा आकडा सांगितला तर सगळ्या जणी उडाल्या. "सही यार! एवढ्यात कसं जमवलंत?" मग मी वहीत नीट हिशोब मांडला. आणि त्या हिशोबात असं दिसलं की सहल स्वस्तात झाली नव्हती. खर्च व्हायचा तेवढा झालाच होता, फक्त तो आमच्या खिशातून झाला नव्हता.

बघा. एसटीचं तिकीट अर्धं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मी सवलत आहे. उरलेलं निम्मं सरकार एसटीला देतं, म्हणजे कर भरणारे सगळे देतात. मुक्काम रूममेटच्या आत्याकडे. तिथे रात्रीचं जेवण, सकाळी चुलीवरचं गरम पाणी, चहा, पोहे. आमच्या हिशोबात शून्य. दुसऱ्या दिवशी नदीच्या अलीकडच्या एका गावात रस्ता विचारायला थांबलो, तर ओसरीवर बसलेल्या बाई म्हणाल्या, "उपाशी कुठं जाता गं माय, भाकर खाऊन जा." भाकरी, पिठलं, ठेचा. परत शून्य.

त्याच बाईंनी हातपाय धुवायला बादली पुढे केली आणि सहज बोलल्या, "आता पाणी हाय म्हणून म्हणते, धुवा. एप्रिलात आल्या असत्या तं फक्त प्यायला दिलं असतं."

या एका वाक्यानं माझं 'बजेट ट्रॅव्हल' हे प्रकरण मुळापासून हललं. २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. इथल्या मोसंबीला आज जीआय मानांकन आहे, पण त्या वर्षी लोकांनी डोळ्यांदेखत मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या आणि काहींनी स्वतःच्या हातांनी तोडल्या. अशा ठिकाणी पाहुण्यापुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या ही फुकटची वस्तू नसते. कुणीतरी तो टँकरमागे रांग लावून भरलेला असतो, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. आपल्याकडे मेसमधला कूलर बंद पडला की अर्ध्या तासात रेक्टरकडे मोर्चा जातो. तिथे रेक्टर नसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. जिथे लॉज नाही, बोर्डिंग नाही, तिकीटखिडकी नाही, अशा गावात "आपण किती कमी पैशांत फिरलो" ही फुशारकी मारायची गोष्टच नाही. मोठ्या शहरात घासाघीस केली तर हॉटेलवाल्याचा नफा कमी होतो. छोट्या गावात तोच शहाणपणा केला तर कुणाच्या तरी डब्यातलं पीठ कमी होतं.

यावर हॉस्टेलमध्ये मला तीन उत्तरं मिळाली.

पहिलं : "अगं, त्यांना आनंदच होतो. अतिथी देवो भव!" आनंद होतो, हे खरंच आहे. मी त्या बाईंचा चेहरा पाहिलाय. पण 'अतिथी देवो भव' हे यजमानानं स्वतःला सांगायचं वाक्य आहे. पाहुण्यानंच ते म्हणायला सुरुवात केली की त्याचा अर्थ बदलतो.

दुसरं : "मग काय, जेवणाचे पैसे द्यायचे?" नाही. पैसे पुढे केले असते तर त्या बाईंना वाईट वाटलं असतं, कदाचित रागही आला असता. माझी रूममेट खेड्यात वाढलेली. तिनं भोकरदनच्या स्टँडवर आधीच केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन ठेवले होते. निघताना तिनं ते तिथल्या लेकराच्या हातात दिले. आत्याकडे निघतानाही आतेभावाच्या हातावर शंभराची नोट ठेवली. आत्या "कशाला गं" म्हणाली, पण नोट परत केली नाही. याला आपल्याकडे 'खाऊ' म्हणतात. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, हा नियम आपल्या आज्यांनी काही अर्थशास्त्र शिकून केला नव्हता, पण त्यात सगळं अर्थशास्त्र आहे. यजमानाचा मान राहतो आणि त्याच्यावर पडलेला भार थोडा तरी हलका होतो.

तिसरं उत्तर जरा वजनदार होतं. एक सीनियर म्हणाला, "आपल्या परंपरेत साधू, वारकरी, सगळे असेच फिरले. त्यांनी कुठे हिशोब ठेवला?" ठीक आहे. मग याच जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या भटक्याचं उदाहरण घेऊ. जांबेत १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर, म्हणजे समर्थ रामदास. परंपरा सांगते की ते बारा वर्षं देशभर पायी हिंडले. पार दक्षिणेत तामिळ मुलखात, तंजावरला, रामदासी मठ उभे राहिले. खिशात दमडी नाही, भिक्षेवर चाललेला प्रवास. पण त्याच रामदासांनी दासबोधात भिक्षेवर एक स्वतंत्र समास लिहिलाय. त्यात सांगितलंय, की अल्पात संतोष मानावा, आणि कुणी भरपूर आणून दिलं तरी त्यातलं मूठभरच घ्यावं. म्हणजे हिशोब होता! आपण मात्र तिसरी भाकरी वाढून घेतो आणि वर फोटो काढतो. आणि वारकरी? तो वाटेवर जेवतो, पण एरवी दारी दिंडी आली तर तोही पंगत वाढतो. आपल्या हॉस्टेलच्या दारात त्या गावातला कुणी आला, तर आपण त्याला मेसमध्ये नेऊन जेवू घालतो का? गेस्ट कूपनसाठी अर्ज करावा लागतो, ते वेगळंच.

मग जाऊच नये का? उलट, जावंच. माझा आक्षेप जाण्याला नाही, स्वस्ताईच्या गर्वाला आहे. गावात बाहेरचं कुणी येतच नाही, म्हणून चहाची टपरी दुपारी बंद होते. टपरी बंद, म्हणून येणारा कुणाच्या तरी घरात जेवतो. चार जास्त लोक गेले आणि पैसे टपरीवर खर्च करून आले, तर हे चक्र उलटं फिरू शकतं.

त्यासाठी मला सुचलेल्या काही साध्या गोष्टी. एप्रिल-मेमध्ये फिरायला जाऊ नका. दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम. पाण्याच्या बाटल्या भरून न्या. चार-पाच जणांपेक्षा मोठा घोळका नेऊ नका. जिथे हॉटेल आहे तिथे हॉटेलातच खा, आणि दहा रुपयांच्या चहावरून घासाघीस करू नका. मोसंबी, शेंगा, जे काही घ्यायचं ते त्या गावातच घ्या. घरात किंवा ओसरीवर फोटो काढायच्या आधी विचारा. मुक्कामी गाडीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. रात्री गावात थांबून पहाटे परत निघणारी ही गाडी चुकली, तर तुमचा भार पुन्हा कुणाच्या तरी घरावर पडतो.

मुलींसाठी एक वेगळं. निम्म्या तिकिटामुळे आपण घराबाहेर पडू लागलो, ही फार मोठी गोष्ट आहे. दोघींना घरून परवानगी मिळाली, त्यात "एसटीनं जातोय" या वाक्याचा वाटा होता. पण तिकीट अर्धं करून काम संपत नाही. छोट्या स्टँडवर मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह नसेल, तर आपण दिवसभर पाणी न पिता फिरतो, हे कुणी बोलत नाही. मी बोलते. यात्रेकरूंसाठी कमानी उभारण्यापेक्षा आधी हे करावं.

आणि कॉलेजकडे एक मागणी. एनएसएसचं शिबिर दरवर्षी होतंच. त्यातला एक दिवस असई किंवा भोकरदनसाठी ठेवता येईल. जेवणाचं काम गावातल्या महिला बचत गटाला रीतसर पैसे देऊन सांगता येईल. तिथे जेवणाचे पैसे देण्यात कुणाचा अपमान नाही, कारण तो व्यवहार आहे. गावाला पन्नास ताटांचं काम मिळेल आणि आपल्याला कळेल की चार वर्षं आपण नेमकं कुठे राहत होतो.

तोवर, सुटीच्या दिवशी दोघं-तिघं मिळून लाल डब्यात बसा. तिकीट स्वस्त आहे. फक्त स्टँडवरून निघताना पिशवीत डझनभर केळी आणि दोन बिस्किटपुडे टाका. कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर ते लागणारच आहेत.