कंबरदुखीच्या चर्चेत सिगारेट कुठे आहे?

चारकोपला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानटपरी आहे. संध्याकाळी चार-पाच रिक्षावाले तिथे थांबतात. त्यातल्या दोघांच्या कमरेला पट्टा असतो. बोलणं ठरलेलं: खड्डे, सीट, कोणता मालिशवाला चांगला. आणि बोलताना हातात सिगारेट नाहीतर बिडी.

त्यांना काय हसू? बारा वर्षं मीही ओढली, त्यातली शेवटची चार कंबरदुखीत गेली. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, वजन विचारलं, गादी बदलायला सांगितली. सिगारेटचं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फुप्फुसाचा आजार असता तर सांगितलं असतं. कमरेचा तिच्याशी काय संबंध, असंच वाटायचं.

संबंध आहे. दोन मणक्यांमध्ये जी चकती असते, जिला आपण गादी म्हणतो, तिला मोठ्या वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या हाडातल्या बारीक वाहिन्यांतून ऑक्सिजन आणि पोषण तिच्यात झिरपतं. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. मुळात अर्धपोटी असलेल्या गादीची अशी आणखी उपासमार होते. १९९१ साली फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीतला एक धूम्रपान करणारा, दुसरा न करणारा. ओढणाऱ्यांच्या कमरेतल्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त निघाली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं की, नव्याने सुरू झालेली पाठदुखी कायमची होण्याची शक्यता धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे तिप्पट असते. त्यांच्या मते हा परिणाम मेंदूतल्या व्यसनाशी जोडलेल्या भागांतून होतो.

म्हणून सगळा दोष सिगारेटचा, असं मी म्हणणार नाही. दिवसभर रिक्षा चालवली तर न ओढणाऱ्याचीही कंबर दुखते. दुखतं म्हणून ओढणारेही आहेत. सोडल्यावर माझी कंबर महिन्याभरात बरी झाली, असंही नाही; व्यायाम करावाच लागला. पण खड्डे माझ्या हातात नव्हते, सिगारेट होती.

सोडणं जमत नाही म्हणणाऱ्या आपल्या भावांना मी रमजानची आठवण करून देतो. सहेरीपासून मगरिबपर्यंत, तेरा-चौदा तास, एक झुरका नाही. आणि खजूर तोंडात पडतो न पडतो तोच टपरीवर गर्दी! मशिदीत मागच्या रांगेत खुर्च्या वाढत चालल्यात आणि त्यांवर आता चाळिशीतली माणसंही दिसतात. रुकूत वाकता येत नाही, पण नमाज संपल्यावर पाय टपरीकडेच वळतात.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्या टपरीवर आजही सुटीच मिळते. तेव्हा कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. कंबरदुखीच्या रुग्णाला डॉक्टरांनी 'ओढता का?' हे विचारायलाच हवं. त्यांनी नाही विचारलं, तर आपण सांगावं. सोडायला मदत हवी असेल तर केंद्र सरकारचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. पट्ट्याला आणि मालिशीला पैसे पडतात. हा फोन फुकट आहे.