स्पीकरची घरघर ग्राहकाने का सोसावी?

संगणकाशेजारी मोबाइल असला, की घंटी वाजण्याच्या क्षणभर आधी स्पीकर टर्रटर्र करू लागतो. बोल लावला जातो फोनला. खरी उणीव मात्र स्पीकरच्या आत असते.

टूजी फोन सलग लहरी सोडत नाही. बोलणे चालू असताना तो दर 4.615 मिलिसेकंदांनी एक झटका देतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 217 झटके. 900 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांची शक्ती 2 वॅटपर्यंत जाते. इतक्या उच्च वारंवारतेच्या लहरी कानाला ऐकू येत नाहीत. पण स्पीकरची वायर त्या अँटेनासारखी पकडते. अॅम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर त्यांचा चढउतार तेवढा वेगळा काढतात आणि तीच घरघर मोठी होऊन बाहेर पडते. फोरजी फोनची कमाल शक्ती साधारण 0.2 वॅट असल्याने त्रास कमी झाला. टूजी मात्र देशातून अजून गेलेले नाही.

दोष कुठून शिरतो, हे घरीही तपासता येते. आवाजाचे बटण शून्यावर आणावे. घरघर थांबली, तर ती संगणकाकडून येणाऱ्या वायरीतून येते. तशीच राहिली, तर स्पीकरला जाणाऱ्या किंवा विजेच्या वायरीवर संशय घ्यावा. फोन मीटरभर दूर ठेवावा, वायर आखूड आणि शिल्डेड घ्यावी, आणि अॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ तिच्यावर फेराइट बसवावा. जुन्या मॉनिटरच्या केबलवर दिसणारा जाडसर गोळा म्हणजे हाच.

पण हा खटाटोप ग्राहकाच्या माथी का? अॅम्प्लिफायरच्या तोंडाशीच छोटे कपॅसिटर आणि फेराइट मणी लावले, तर बराचसा त्रास कारखान्यातच मिटतो. त्यांचा खर्च किरकोळ असतो. युरोपमध्ये 1996 पासून विद्युत उपकरणांना असा हस्तक्षेप सोसण्याची क्षमता असणे बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत भर असतो तो शॉक आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेवर. ती हवीच, तिच्या जोडीला हस्तक्षेप सोसण्याची चाचणीही सक्तीची व्हावी.

छोट्या उत्पादकांना चाचणीचे शुल्क जड जाईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘समीर’सारख्या सरकारी संस्थेकडे अशा चाचण्यांच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे लघुउद्योगांना सवलतीचा दर द्यावा. चाचणीत उतरलेल्या स्पीकरच्या खोक्यावर तसा ठळक उल्लेख असावा, म्हणजे दुकानात किंमत आणि वॅट विचारणारा ग्राहक तेही पाहून घेईल.