बीअरची चव आणि कराचा हिशेब

जपानमध्ये बीअरवरील कराच्या फेररचनेचा अखेरचा टप्पा १ ऑक्टोबर २०२६ या तारखेला ठेवण्यात आला आहे. बीअर आणि बीअरसारखीच फेसाळणारी अन्य पेये यांवर ३५० मिलिलिटरमागे ५४.२५ येन असा एकच दर आकारण्याची ही तरतूद आहे. वरवर पाहता हा अर्थखात्याचा हिशेबी निर्णय वाटतो. प्रत्यक्षात एका संपूर्ण पेयप्रकाराचे भवितव्य त्यात गुंतले आहे, कारण तो पेयप्रकार वाढला तोच मुळी कर वाचविण्याच्या धडपडीतून.

जपानी कायद्याने बीअरची व्याख्या दीर्घकाळ माल्टच्या प्रमाणावरून केली. माल्ट म्हणजे भिजवून, अंकुर फुटू देऊन मग वाळवलेले जव. ज्या पेयाच्या कच्च्या मालात सुमारे दोन तृतीयांश माल्ट असेल तीच बीअर, अशी २०१८ पर्यंतची व्यवस्था होती आणि कर तिच्यावरच सर्वाधिक होता. १९९४ मध्ये सनटोरी कंपनीने माल्टचे प्रमाण या मर्यादेच्या किंचित खाली आणून ‘हाप्पोशू’ या कमी कराच्या वर्गातील पेय बाजारात आणले. सरकारने त्या वर्गाचा कर वाढविला. उत्पादकांनी माल्ट आणखी कमी केले. कर पुन्हा वाढला, तेव्हा माल्टला पूर्ण फाटा देऊन वाटाण्यातील प्रथिनांचा आधार घेणारी ‘तिसरी बीअर’ अवतरली. २०२० च्या आरंभी ३५० मिलिलिटरच्या डब्यावर बीअरला ७७ येन, अत्यल्प माल्टच्या हाप्पोशूला सुमारे ४७ येन आणि तिसऱ्या बीअरला २८ येन कर होता. पंचवीस-तीस वर्षे जपानी रसायनतज्ज्ञांची बुद्धी चव सुधारण्याइतकीच कायद्यातील फट शोधण्यात खर्ची पडली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

जपानचे उदाहरण टोकाचे असले तरी एकटे नाही. एखाद्या देशाची बीअर म्हणजे तेथील माती, पाणी आणि लोकस्वभाव यांचा अर्क, असे वर्णन पर्यटनपुस्तिका करतात. त्यात तथ्य आहे. पण त्या चवीत राजाज्ञा, धान्यटंचाई आणि तिजोरीची गरज यांचाही वाटा तितकाच मोठा असतो.

जर्मनीइतका या गोष्टीचा ठळक पुरावा दुसरा नाही. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे बव्हेरियाचा ड्यूक चौथा विल्हेल्म आणि त्याचा भाऊ दहावा लुडविग यांनी जारी केलेल्या आज्ञेनुसार बीअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही वापरण्यास मनाई झाली. किण्वन घडवून आणणाऱ्या यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण त्या सूक्ष्म जीवाचे कार्य तेव्हा कोणाला उमगलेच नव्हते. या आज्ञेचा बराचसा मजकूर शुद्धतेविषयी नसून किमतीविषयी आहे. कोणत्या ऋतूत किती फेनिगपेक्षा जास्त दर घेऊ नये, हे त्यात प्रथम येते. गहू आणि राय ही धान्ये पावासाठी राखली जावीत, हा त्यामागील हेतू असल्याचे अनेक इतिहासकार मानतात. गंमत अशी की गव्हाच्या बीअरचा परवाना एका सरदार घराण्याकडे कायम राहिला आणि १६०२ मध्ये ते घराणे निर्वंश झाल्यावर तो हक्क बव्हेरियाच्या राजघराण्याने स्वतःकडे घेतला. प्रजेला जे निषिद्ध, तेच सत्ताधीशांच्या उत्पन्नाचे साधन झाले. ‘शुद्धतेचा कायदा’ हे भारदस्त नाव तर १९१८ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळातील चर्चेत प्रथम वापरले गेले.

१९०६ मध्ये हा नियम संपूर्ण जर्मन साम्राज्याला लागू झाला. उत्तरेकडील अनेक स्थानिक बीअरप्रकारांची पीछेहाट त्यानंतर वेगाने झाली. मीठ आणि धणे घालून केली जाणारी लाइपझिगची आंबट ‘गोझे’ मध्यंतरी जवळपास नामशेष झाली होती. आज ती खास सवलतीच्या आधारे तग धरून आहे. १२ मार्च १९८७ रोजी युरोपीय न्यायालयाने परदेशी बीअरला या नियमाच्या आधारे जर्मन बाजारपेठ बंद ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. देशी उत्पादकांवरील बंधन मात्र कायम राहिले. ब्रांडेनबुर्गमधील नॉयत्सेले येथील कारखान्याला आपल्या काळ्या, साखरपाक घातलेल्या पेयाला ‘बीअर’ म्हणता यावे यासाठी सुमारे दहा वर्षे भांडावे लागले. २००५ मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला.

पाचशे वर्षांच्या या संरक्षणाने धंदा मात्र तरला नाही. जर्मन सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २०२५ च्या पहिल्या सहामाहीत बीअरची विक्री ६.३ टक्क्यांनी घटून ३.९ अब्ज लिटरवर आली. १९९३ पासूनच्या नोंदींत सहामाही विक्री चार अब्ज लिटरच्या खाली जाण्याची ही पहिलीच वेळ. याउलट अल्कोहोलविरहित बीअरचे उत्पादन २०१३ ते २०२३ या काळात दुपटीहून अधिक झाले. पेल्यात काय घालावे हे कायदा सांगू शकतो. पेला उचलावा की नाही, हे त्याच्या हाती नाही.

शेजारच्या बेल्जियममध्ये अशी घटकबंदी कधीच रुजली नाही. तेथे चेरी, संत्र्याची साल, धणे, साखर असे सारे काही बीअरमध्ये चालते. ब्रुसेल्सच्या परिसरातील ‘लांबिक’ तर उघड्या, पसरट हौदात रात्रभर थंड होऊ दिली जाते आणि हवेतील यीस्ट व जिवाणू तिचे किण्वन करतात. पुढे ती लाकडी पिंपांत काही वेळा तीन वर्षेही मुरते. या वैविध्यामुळेच युनेस्कोने २०१६ मध्ये बेल्जियमच्या बीअर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पण येथेही कायद्याचा हात दिसतो. १९१९ च्या व्हॅनडरवेल्डे कायद्याने कॅफेमध्ये जिन आदी तीव्र मद्यांची विक्री बंद केली, आणि दुकानातून एका वेळी किमान दोन लिटर घेणाऱ्यालाच ती मिळत. मजुराला एवढी खरेदी परवडणारी नव्हती. कॅफेतील ग्राहकाची गरज भागविण्यासाठी अधिक तीव्र बीअरला वाव मिळाला. आठ-नऊ टक्के अल्कोहोलच्या ज्या बीअरना आज ‘बेल्जियन परंपरा’ म्हणून गौरविले जाते, त्यांच्या प्रसारामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला; चव मात्र राहिली.

तेथील मठांची अडचण वेगळी आहे. ‘ट्रॅपिस्ट’ चिन्ह मिळण्यासाठी बीअर मठाच्या आवारात, संन्याशांच्या देखरेखीखाली तयार व्हावी लागते. आखेल येथील मठात संन्यासी उरले नाहीत, म्हणून २०२१ मध्ये तेथील बीअरने ते चिन्ह गमावले. ग्राहक होते, दीक्षा घेणारे नव्हते. लांबिकला थंड रात्री लागतात, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात ब्रुसेल्समधील कांतियों या जुन्या कारखान्याला असामान्य उष्म्यामुळे उत्पादन थांबवावे लागले होते.

निसर्गाचे दान कोठे निर्णायक ठरले, तर ते चेक प्रदेशातील प्लझेन येथे. १८४२ मध्ये बव्हेरियातून आणलेल्या योझेफ ग्रोल याने तेथील अतिशय मृदू पाणी, फिकट माल्ट आणि झाटेत्स परिसरातील हॉप्स वापरून सोनेरी पारदर्शक बीअर केली. जगात आज खपणारी बहुसंख्य बीअर तिचीच दूरची वंशज आहे. याच हॉप्सविषयी २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने गंभीर इशारा दिला. २०५० पर्यंत युरोपातील पारंपरिक हॉप्सचे उत्पादन ४ ते १८ टक्क्यांनी आणि कडवटपणा देणाऱ्या आम्लांचे प्रमाण २० ते ३१ टक्क्यांनी घटू शकते, असा त्याचा अंदाज आहे.

ब्रिटनमध्ये १८८० पर्यंत कर माल्टवर होता, त्यामुळे न अंकुरवलेले धान्य वापरण्यास बंदी होती. आज स्टाउटची ओळख मानला जाणारा भाजलेल्या जवाचा कडवट स्वाद त्या बंदीनंतरचा आहे. ऑगस्ट २०२३ पासून तेथे कर अल्कोहोलच्या प्रमाणाशी जोडण्यात आला आणि ३.४ टक्क्यांपर्यंतच्या बीअरला कमी दर मिळाला. काही महिन्यांतच अनेक परिचित बीअर नेमक्या ३.४ टक्क्यांवर उतरल्या. पिणाऱ्यांनी कुरकुर केली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर कराने योग्य दिशेने रेटा दिला, असेच म्हणावे लागेल.

भारतात नेमके उलटे घडले आहे. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून उत्पादन शुल्क राज्यांच्या हाती आहे. प्रत्येक राज्याची कररचना निराळी असली तरी अल्कोहोलच्या प्रत्येक अंशानुसार कर हे तत्त्व येथे रुळलेले नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाच टक्क्यांपर्यंतची बीअर सौम्य आणि पाच ते आठ टक्क्यांची तीव्र. देशातील खपात तीव्र बीअरचेच वर्चस्व आहे, कारण महाग झालेल्या बाटलीतून अधिकाधिक नशा मिळावी, असा ग्राहकाचा साधा हिशेब असतो. २००९ मध्ये पुण्यात देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली आणि महानगरांत गव्हाच्या व फळांच्या ताज्या बीअरची नवी आवड निर्माण झाली. पण हा वर्ग लहान आहे.

बीअरची विक्री घसरून महसुलाला फटका बसत असल्याने महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये शुल्कदराच्या फेरविचारासाठी अभ्यासगट नेमला होता. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले, तेव्हा बीअर आणि वाइन यांना त्या वाढीतून वगळण्यात आले. सौम्य बीअरला तीव्र बीअरपेक्षा लक्षणीय स्वस्त करण्याचा प्रश्न त्या निर्णयात आला नाही.