भंगाराचा भूतकाळ

पावसाळा ओसरायला लागला की आमच्याकडे याद्या फिरायला लागतात. ट्रेकला येणाऱ्यांनी काय काय आणावं, त्याची यादी. दरवर्षी ती थोडी लांबते. पूर्वी पाण्याची बाटली, विजेरी, चादर आणि जेवणाचा डबा एवढ्यावर भागायचं. आता स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, हेडटॉर्च, ट्रेकिंग पोल, छोटा स्टोव्ह... वाचूनच दम लागतो. गेल्या वर्षी सोसायटीतली मुलं राजमाचीला निघाली, तेव्हा दोघं आयत्या वेळी गळाली. त्यांतल्या एकाची आई नंतर जिन्यात भेटली. म्हणाली, "अहो, यादीतलं सगळं घ्यायचं तर महिन्याचा किराणा थांबवावा लागला असता." तक्रारीचा सूर नव्हता, सहज सांगितलं तिने. मला मात्र ते वाक्य अजून पुसता आलेलं नाही. डोंगर फुकट आहे आणि त्याच्या दारात आपण तिकीट लावून बसलोय!

तर मंडळी, माझं स्पष्ट मत असं की या यादीतलं निम्मं सामान भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळतं. आणि उरलेलं निम्मं तिथून चुकूनही आणू नये. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आधी पहिलं. आमच्या घरच्यांना माझा हा नाद ठाऊक आहे. (ताई हे वाचत असेल तर तिने गॅलरीतल्या पसाऱ्याबद्दल इथे काही बोलू नये.) पण यात माझं काही विशेष नाही. पाठीला रिकामा हवाबंद डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आपल्याच घरात आहे. खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ डोक्यावर घेऊन भातलावणी करणारी माणसं आजही मावळात दिसतात. गोधडी म्हणजे तरी काय, जुन्या लुगड्यांची स्लीपिंग बॅगच! दुकानात जायच्या आधी घरात आणि अडगळीत शोधायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. विसरायला मात्र आपण शिकलो.

दूध पावडरचा किलोचा डबा घ्या. तळाशी कडेने पोगराने सात-आठ भोकं पाडा, वरच्या काठाखाली आणखी एक रांग पाडा, झाली चूल. खालून हवा ओढली जाते आणि चार काटक्यांत चहा होतो. डबा तीन दगडांवर ठेवला की जमिनीवर काळा डागही राहत नाही. पहिल्यांदा मात्र रिकामाच, उघड्यावर, चांगला तापवून घ्यायचा, म्हणजे रंग आणि आतला लेप जळून जातो. आणि गवत वाळलेलं असेल किंवा जंगलात आगीला बंदी असेल, तर चूल सॅकमध्येच राहू द्यायची. वणव्याला ती डब्यातली होती की दुकानातली, याने फरक पडत नाही.

फ्लेक्सचं तर विचारूच नका. एखाद्या भावी नगरसेवकाचा वाढदिवस उलटला की आठ-दहा फुटांचं जलरोधक कापड आयतं मिळतं. कोपऱ्यात खडा गुंडाळून त्यामागे दोरी आवळली की भोक पाडायची गरज नाही, फाटण्याचीही भीती नाही. वजनाला जड आहे, हे कबूल. पण अंथरायला उत्तम, आणि रात्री डोक्यावर हात जोडलेले साहेब असले की पोरांना भुताची भीती वाटत नाही. फक्त विस्तवापासून लांब ठेवा, कारण त्यावर पीव्हीसीचा थर असतो आणि तो जळला की निघणारा धूर विषारी असतो.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या आडव्या चकत्या कापल्या की हवी तेवढी मजबूत रबरं मिळतात. सहा मिलिमीटर सळईचे वीतभर तुकडे तंबूच्या खुंट्या होतात. आपल्या मुरमात दुकानातल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात, या दगडाने ठोका, काही होत नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून गावचा लोहार जो कोयता करून देतो, त्याची धार मी सांगायला नको.

आता दुसरं वाक्य.

भाच्याला घेऊन मी भंगारच्या दुकानात गेलो होतो. तिथे त्याला दोरीचं भेंडोळं दिसलं. नायलॉनची, जाडजूड, पांढरी स्वच्छ. "मामा, ही बघ, एकदम नवीन आहे! रॅपलिंगला होईल." मी नाही म्हटलं. शेजारच्या मोडीत निघालेल्या गाडीतले सीटबेल्ट त्याने दाखवले, त्याचं हार्नेस शिवू म्हणाला. त्यालाही नाही म्हटलं. पोरगं हुशार आहे, वाचणारं आहे. परतीच्या वाटेवर त्याने मला पकडलंच.

म्हणाला, "इव्हॉन शुइनार्डने १९५७ साली भंगारातून जुनी भट्टी आणली आणि पहिले पिटन कापणी यंत्राच्या जुन्या पात्यापासून ठोकले. तोच पुढे पॅटागोनियाचा मालक झाला. आणि वेल्समधले गिर्यारोहक रेल्वेरुळाच्या कडेला पडलेले नट उचलून, त्यात स्लिंग ओवून खडकाच्या फटीत अडकवायचे. त्यांचा जीव भंगारावर चालायचा. आपलाच का नाही?"

बिनतोड वाटावा असा मुद्दा आहे, आणि माहितीही खरी आहे. त्या नटांचीच पुढे सुधारून खास चढाईची साधनं झाली, आणि आजही त्यांना 'नट'च म्हणतात. मग माझं 'नाही' म्हणजे नुसता मोठेपणाचा हेका का?

मला तसं वाटत नाही. रेल्वेचा नट हा पोलादाचा भरीव गोळा. त्याला तडा गेला, गंज खाल्ला, तर बऱ्याचदा ते हातात घेतल्यावर कळतं. शुइनार्डने पातं तसंच्या तसं कड्यात ठोकलं नाही. ते भट्टीत घालून, घडवून, स्वतः वापरून पाहिलं. म्हणजे त्या वस्तूचा भूतकाळ त्यांना एक तर दिसत होता, नाही तर त्यांनी तो तापवून नव्याने घडवला होता. दोरीचं तसं नाही. नायलॉन उन्हाने कमकुवत होतं, आम्लाने खलास होतं, आणि हे डोळ्यांना दिसेलच असं नाही. भंगारच्या दुकानात ती दोरी जिथे पडली होती, तिथून हातभर अंतरावर गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या रचलेल्या होत्या. बॅटरीत काय असतं? सल्फ्युरिक आम्ल. दोरी पांढरीशुभ्र दिसेल आणि वजन पडल्यावर तुटेल. सीटबेल्टचंही तेच. एका अपघातात माणूस रोखून धरलेला पट्टा बदलायचा असतो, आणि मोडीत निघालेल्या गाडीचा पट्टा त्यातून गेला आहे की नाही, हे कोण सांगणार?

म्हणून माझा नियम एवढाच: ज्याचा भूतकाळ दिसतो ते भंगारातून घ्यावं, ज्याचा दिसत नाही ते घेऊ नये.

हा नियम लावला की बाकीची उत्तरं आपोआप मिळतात. पाण्याचा कॅन? आधी त्यात काय होतं, ते कळत नाही. कीटकनाशक असेल तर कितीही धुवा, उपयोग नाही. त्यापेक्षा आपणच पाणी पिऊन रिकामी केलेली पारदर्शक प्लास्टिकची बाटली बरी. तिचा इतिहास आपल्याला पाठ असतो. अडीअडचणीला नितळ पाणी तिच्यात भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली, तर पाण्यातले बहुतेक जंतू मरतात (ढगाळ असेल तर दोन दिवस). लॅपटॉपच्या फेकलेल्या बॅटरीतले सेल काढून टॉर्च बनवणं? नको. आत काय बिघडलंय ते बाहेरून दिसत नाही, आणि बिघडलेला लिथियमचा सेल पेट घेऊ शकतो. चुलीसाठी जीआय पत्रा? त्यावर जस्ताचा थर असतो. तो तापला की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की थंडी-ताप भरतो. साधा पत्रा घ्या. हेल्मेट? एकदा आपटलेलं आणि कधीच न आपटलेलं, दोन्ही वरून सारखीच दिसतात.

कुणी म्हणेल, एवढा विचार करायचा तर सरळ दुकानातूनच सगळं घ्यावं. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं, माझं भांडण नाही. पण सगळंच विकत घेणाऱ्याला एक गोष्ट सहसा शिकायला मिळत नाही: कुठली वस्तू मोडली तर फक्त चहा राहतो आणि कुठली मोडली तर माणूस राहत नाही. यादीत दोन्ही एका ओळीखाली एक, सारख्याच अक्षरात छापलेली असतात. भंगारात हात घालणाऱ्याला ती वेगळी करावीच लागतात.

भाचा गप्प झाला. पटलं म्हणून की भूक लागली म्हणून, ते सांगता येत नाही.

यंदाच्या यादीचे मी दोन भाग केले आहेत. पहिल्या भागात घरात किंवा भंगारात मिळणाऱ्या वस्तू, कशा बनवायच्या त्या कृतीसह. त्यासाठी दोन रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसायचं, कानस आणि पोगर माझे. दुसऱ्या भागात दोरी, हार्नेस, हेल्मेट आणि कॅराबिनर. ते कुणीच एकट्याने आणायचं नाही. सगळ्यांच्या वर्गणीतून प्रमाणित सामान नवं घ्यायचं, कधी घेतलं आणि किती वापरलं ते वहीत लिहायचं, आणि मुदत संपली की स्वतःच्या हाताने कापून टाकायचं, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या भंगारात 'एकदम नवीन' म्हणून दिसणार नाही. पहिल्या भागात जे पैसे वाचतील, ते इथे लावायचे.

जिन्यात भेटलेल्या त्या आईला यादीचा पहिला भाग नेऊन दिला. मुलाने रात्रीत दोन डबे शोधून ठेवलेत म्हणे. त्यातला एक रंगाचा आहे. तो चालणार नाही, हे त्याला येत्या रविवारी सांगायचं आहे, कारणासकट.