आरोग्यचर्चा : कंबरदुखी आणि कण्यातील वातरक्त

भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतील एका भगिनीने विचारले आहे की, तिच्या सासऱ्यांच्या पायाच्या अंगठ्याला कित्येक वर्षांपासून गाउटचा विकार आहे, आणि आता महिनाभर त्यांची कंबर असह्य दुखत असून अधूनमधून कसरही येते. तर या दोन दुखण्यांचा परस्परांशी काही संबंध असू शकेल काय? असू शकेल. पुष्कळांच्या ध्यानात न येणारी ही गोष्ट असल्यामुळे या वेळी तिच्याविषयीच लिहीत आहोत.

गाउट म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांचे वातरक्त. चरकसंहितेत वातशोणित या नावाने त्यास स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. रक्तातील युरिक आम्ल प्रमाणाबाहेर वाढले, म्हणजे साधारणतः दर 100 मिलीलिटर रक्तद्रवात 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेले, की ते विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाही. त्याचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक सांध्यांत साचू लागतात. अंगठा, घोटा, गुडघा ही त्यांची नेहमीची ठिकाणे. परंतु कणा हीदेखील अनेक लहान सांध्यांची माळच आहे, हे आपण विसरतो. दोन मणक्यांना मागील बाजूने जोडणाऱ्या सांध्यांत, मणक्यांमधील चकतीत, क्वचित मज्जारज्जूच्या पोकळीतही हे स्फटिक साचतात, आणि हा प्रकार कंबरेच्या मणक्यांत अधिक आढळतो. मानेच्या मणक्यातील गाउटचा एक रुग्ण 1950 साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी नोंदविला होता. पुढे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत गाउटच्या 48 रुग्णांचे कणे सीटी स्कॅनने तपासले असता 17 जणांत त्याच्या खुणा सापडल्या. त्यांतील सर्वांचीच पाठ दुखत होती असे मात्र नव्हे.

म्हणून वाचकांनी घाबरून जाऊ नये. शेतात वाकून काम करणाऱ्याची किंवा पाण्याच्या घागरी वाहणाऱ्या बाईची कंबर दुखते ती बहुधा स्नायूंमुळे किंवा झिजलेल्या चकतीमुळे. कण्यातील गाउटची शंका घ्यावयाची ती विशिष्ट माणसाविषयी: ज्याला पूर्वीपासून गाउट आहे, ज्याच्या कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढुरक्या टणक गाठी आल्या आहेत, ज्याचे मूत्रपिंड अशक्त आहे, किंवा जो रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेत आहे. अशा माणसाची पाठ अकस्मात, ताप येऊन दुखू लागली, तर डॉक्टरांना गाउटचा पूर्वेतिहास आपण होऊन सांगावा. पाठीसाठी गेलेला रोगी अंगठ्याची गोष्ट सांगत नाही, आणि गर्दीच्या दवाखान्यात ती विचारलीही जात नाही.

खरी अडचण यापुढे आहे. ताप, पाठदुखी आणि एम्.आर्.आय्.च्या चित्रात मणक्याशी सुजलेला भाग, एवढे दिसले की आपल्या देशात पहिला संशय कण्याच्या क्षयाचा येतो. तो यावाही, कारण तो रोग येथे गाउटपेक्षा फार अधिक आहे. पण गाउटची सूज, क्षय, पू धरणे आणि अर्बुद ही या चित्रात पुष्कळदा एकसारखी दिसतात. अशा वेळी नमुना न तपासता केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू झाली तर दुहेरी नुकसान होते: खऱ्या रोगावर उपाय होत नाही, आणि त्या औषधांपैकी पायराझिनामाइड हे युरिक आम्ल शरीराबाहेर पडू देत नसल्यामुळे रक्तातील त्याचे प्रमाण उलट वाढते. मात्र हे वाचून कोणीही क्षयाची चालू औषधे मनानेच सोडू नयेत. क्षय झालेल्या माणसाने तसे करणे प्राणावर बेतू शकते.

मग निदान व्हावे कसे? रक्तातील युरिक आम्ल मोजणे सोपे आहे, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. ऐन दुखण्याच्या भरात ते कित्येकदा नेहमीइतकेच निघते. साध्या क्ष-किरण चित्रात आरंभी काहीच दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये सांध्याच्या हाडाला पडलेली, कडा टणक असलेली खळगी दिसते. दोन वेगवेगळ्या शक्तीचे किरण वापरणारे एक नवे सीटी यंत्र तर युरिक आम्लाचे साठे निराळ्या रंगात दाखविते; परंतु ते यंत्र मोजक्याच ठिकाणी असते.

अंतिम पुरावा सुईने काढलेल्या नमुन्याचा. डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने 1679 साली गाउटच्या गाठीतील स्फटिक आपल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते, तेव्हा ते कशाचे हे त्याला ठाऊक नव्हते. 1961 साली अमेरिकेतील मॅकार्टी व हॉलंडर या डॉक्टरांनी ध्रुवित प्रकाशाखाली ते निश्चित ओळखण्याची रीत दाखवून दिली. एक बारकावा येथे सांगितलाच पाहिजे. काढलेला तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मेलिनमध्ये ठेवला तर त्यातील पाण्यात हे स्फटिक विरघळून जाऊ शकतात, आणि मग तपासनिसाला काहीच सापडत नाही. गाउटची शंका असल्यास नमुन्याचा काही भाग निव्वळ अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो, व दुसरा भाग जंतूंच्या तपासणीस पाठवावा लागतो. कारण जंतुसंसर्ग आणि गाउट एकाच ठिकाणी नांदू शकतात.

निदान झाले की मार्ग बराच सरळ असतो. सूज उतरविण्याची औषधे प्रथम, आणि नंतर ॲलोप्युरिनॉलसारखे औषध थोड्या मात्रेपासून वाढवीत युरिक आम्ल 6 च्या खाली आणून तेथेच ठेवणे. ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. अंगावर पुरळ उठल्यास मात्र लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. काळीज घातलेले सोरपोतेल, सुकट, बिअर यांना आवर घालणे हितकर असले तरी केवळ पथ्याने हे साठे विरघळत नाहीत.

भगिनीने सासऱ्यांना हमीदिया रुग्णालयात किंवा एम्समध्ये न्यावे, व जाताना जुने रक्त-अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. पाय लुळे पडू लागले, जांघांमधील भाग बधिर झाला, किंवा लघवी अडली वा नकळत होऊ लागली, तर मज्जातंतूंवर दाब आला असे समजून सकाळची वाट न पाहता त्याच रात्री न्यावे.