सार्वजनिक संस्थांचे डिजिटल दप्तर

महाराष्ट्रातील वाचनालये, नाट्यसंस्था, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांचा कारभार बहुतांशी मानद कार्यकर्त्यांच्या हातून चालतो, आणि हे हात दर काही वर्षांनी बदलत असल्यामुळे इतिवृत्ताची वही, कीर्द-खतावणी, सभासद नोंदवही आणि पुस्तकांची दाखल नोंदवही हे दप्तर कोणाच्या घरी न राहता संस्थेच्या कपाटात राहावे, अशी रीत पूर्वीपासून रुजली आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेचे विश्वस्त बदलले, तर बदल अर्जाद्वारे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे, असे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम २२ सांगते. संगणकावर आणि मोबाइलवर गेलेल्या कारभाराला मात्र हस्तांतराची ही शिस्त पुरेशी लागलेली नाही. संस्थांच्या डिजिटल प्रशिक्षणात देखणे संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी यांच्याही आधी शिकवायला हवी, ती हीच शिस्त.

संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, कायमचा विकत मिळत नाही. तो ठरावीक मुदतीसाठी, सहसा फार तर १० वर्षांसाठी, नोंदवला जातो आणि नूतनीकरण राहून गेले, तर सवलतीचा काळ उलटल्यावर तो दुसऱ्या कोणालाही घेता येतो. ही नोंदणी एखाद्या उत्साही सभासदाच्या किंवा संकेतस्थळ बांधून देणाऱ्या व्यावसायिकाच्या नावाने झालेली असेल, तर मुदत संपत आल्याची सूचना त्याच्याच ई-मेलवर जाते आणि कार्यकारिणीला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ई-मेलवर असणे आणि नूतनीकरणाची तारीख वार्षिक अंदाजपत्रकात लिहिलेली असणे आवश्यक ठरते.

याहून खोलवरचा प्रश्न मराठी मजकुराचा आहे. अनेक संस्थांचे जुने अहवाल आणि ग्रंथयाद्या अशा फाँटमध्ये टंकलेल्या आहेत, की ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांच्या आकृत्या बसवलेल्या होत्या. छपाईसाठी ही युक्ती पुरेशी होती, परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच, त्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, लेखकाच्या नावाने शोध लागत नाही आणि यादी अकारविल्हे लावता येत नाही. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक प्रमाणाने प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला (‘क’चा दशमान क्रमांक २३२५ आहे), आणि त्या क्रमांकावर फाँट कोणताही असला तरी ‘क’च राहतो. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके उपलब्ध आहेत. मात्र जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा रूपांतरात चुकू शकतात, म्हणून मूळ छापील प्रत समोर ठेवून मुद्रितशोधन करणे टाळता येत नाही. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत, तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९३ पर्यंत मागे जाते. इतक्या जुन्या संस्थांच्या प्रदेशात ग्रंथयादीने २५ वर्षांतच वाचता न येण्याजोगे होणे ही मोठी सांस्कृतिक हानी आहे, आणि ती टाळणे अल्प खर्चात शक्य आहे.

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट या ग्रामीण भागातील ग्रंथालय-संस्थेचे उदाहरण ग्रंथालयाच्या नोंदींसाठी संगणक प्रणाली निवडताना उपयोगी पडते. तिची जुनी प्रणाली वर्ष २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती, म्हणून तिने ‘कोहा’ ही नवी प्रणाली करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. आज जगभरातील, भारतातीलही, ग्रंथालये ती वापरतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने भारतीय ग्रंथालयांसाठी ‘ई-ग्रंथालय’ विकसित केले आहे. प्रणाली कोणतीही निवडली, तरी सर्व नोंदी खुल्या स्वरूपात, म्हणजे अन्य आज्ञावलीलाही वाचता येईल अशा फाइलीत, बाहेर काढता येतात का, हे आधी पाहावे, आणि अशी एक प्रत दर महिन्याला संस्थेच्या इमारतीबाहेर ठेवावी.

राहता राहिली खात्यांची किल्ली. दोन टप्प्यांच्या पडताळणीत सांकेतिक शब्दाखेरीज मोबाइलवर आलेला ओटीपी द्यावा लागतो, आणि तो क्रमांक माजी कार्यवाहांचा असला, तर नव्या कार्यवाहांना प्रत्येक वेळी त्यांना दूरध्वनी करावा लागतो. ते हयात नसतील, तर खाते बंदच होण्याची भीती असते. गूगलच्या खात्याला एकेकदाच चालणारे ८ अंकी १० पर्यायी संकेत मिळतात. ते छापून, बंद पाकिटात घालून, अध्यक्ष आणि कार्यवाह यांच्या सह्यांनिशी संस्थेच्या कपाटात ठेवता येतात. कार्यभार सोपवण्याच्या यादीत शिक्के, धनादेश पुस्तक आणि इतिवृत्ताच्या वह्या यांच्या खाली या पाकिटाची नोंद करावी, आणि नव्या कार्यकारिणीने पहिल्याच सभेत सांकेतिक शब्द बदलून नवे संकेत काढून घ्यावेत.